बाबांच्या दाखल्यावर आईचं नाव

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यात चूक आहे हे आम्हाला बँकेत कळलं, आणि तेही एका मराठी माणसाकडून.

बाबा इथल्या संरक्षण खात्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या मागे आईला कौटुंबिक पेन्शन मिळायचं होतं. त्यासाठी बाबांच्या पेन्शनच्या कागदांवर बायको म्हणून जिचं नाव आहे, तीच बाई आज विधवा म्हणून समोर बसली आहे, एवढं बँकेला पटायला हवं होतं. बस. आम्हाला वाटलं सही करायची आणि घरी यायचं.

बँकेतला अधिकारी नुकताच पुण्याकडून बदलून आला होता. आमचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा उजळला. "अरे वा, तुम्ही मराठी! जबलपुरात इतकी मराठी माणसं असतील असं वाटलं नव्हतं." त्यानं चहा मागवला. मग त्यानं दाखला उचलला, पेन्शनचा कागद उचलला, दोन्ही शेजारी ठेवले आणि चहाचं नाव काढायचं बंद केलं.

"मॅडम, पत्नीचं नाव वेगळं आहे."

दाखल्यावर आईचं माहेरचं नाव होतं. आडनाव आमचं, पण पहिलं नाव लग्नाआधीचं. आईचं नाव लग्नात बदललं. तिचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, बाबांचे सगळे कागद, सगळीकडे बदललेलं नाव आहे. जुनं नाव आता फक्त माणसांच्या तोंडी उरलं आहे, आणि ती माणसं म्हणजे तिचं माहेर.

कसं झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. बाबा दवाखान्यात वारले त्या सकाळी मामा नागपूरहून पोचला होता. आई आणि मी बाकावर बसून होतो आणि दोघींनाही काही सुचत नव्हतं. खिडकीवर सगळी माहिती मामानं दिली. खिडकीतल्या माणसानं विचारलं असेल, पत्नी का नाम? आणि मामानं आपल्या बहिणीचं नाव सांगितलं. ज्या नावानं तो तिला पाळण्यापासून हाक मारत आला तेच. त्याला वेगळं काही आठवायचं कारणच नव्हतं. दवाखान्यानं ते पुढे कळवलं, जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसानं दाखला छापला, आणि कधीच नसलेली एक बाई बाबांची बायको झाली. पहिलं नाव माहेरचं, आडनाव सासरचं. त्या नावाची बाई आयुष्यात एक दिवसही जगली नव्हती.

बँकेतला अधिकारी खरोखर चांगला माणूस होता. तो म्हणाला, "माझ्या आईचंही बदललेलं आहे हो. मला कळतंय. पण मला कळून काय उपयोग? सिस्टिमला दोन बायका दिसतायत." मग घाईनं म्हणाला, "दाखला दुरुस्त करून आणा. छोटं काम आहे."

दोन बायका हे शब्द त्यानं आईच्या समोर उच्चारले. आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं." मला त्याच्या टेबलावरचा चहाचा कप उचलून खाली ठेवावासा वाटला, जोरात. मी तो हळूच ठेवला.

मी कमी बोलते. दुकानात भाव विचारायचा असला तरी आधी मनात वाक्य जुळवते, मग दुसरं कुणी आधी विचारतं आणि माझं वाक्य तसंच राहतं. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि शाळेत इंग्रजी. शाळेत हिंदीत बोललं की दंड असायचा. त्यामुळे हिंदी मला येते, पण भांडायची हिंदी येत नाही. आणि जन्म-मृत्यूच्या त्या ऑफिसात भांडायचीच हिंदी लागते, हे पहिल्या दिवशी कळलं.

तिथे काउंटरला काच आहे. काचेला बोलायला भोक आहे, आणि ते भोक आतल्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर पाडलेलं आहे. म्हणजे बाहेरच्या प्रत्येकानं कमरेत वाकायचं. ज्याचं माणूस गेलं आहे तो वाकून बोलतो, आणि आतला बाबू मान सरळ ठेवून ऐकतो. हे भोक पाडताना कुणाला तरी वर पाडावंसं वाटायला हवं होतं. रांगेत उभी असताना मी एवढाच विचार करत होते. एक म्हातारे गृहस्थ तर गुडघ्यावर हात टेकून बोलत होते.

माझी पाळी आली तेव्हा मी वाकले. मनात जुळवलेलं वाक्य सांगितलं: दाखल्यात आईचं नाव लग्नाआधीचं पडलंय, लग्नानंतरचं करून हवंय.

बाबूनं दाखला पाहिला, आईच्या आधारची प्रत पाहिली. वयानं माझ्याहून फार मोठा नसेल. केस नीट विंचरलेले, बोटात पोवळ्याची अंगठी.

"अच्छा दीदी, ये तो दो नाम हैं।"

"जी. एकच... एक ही हैं. मेरी मम्मी हैं."

"ठीक है। एक मम्मी हैं।" त्यानं मान वर करून रांगेकडे पाहिलं, जसं काही तो त्यांनाही विचारत होता. "तो दूसरी वाली कौन है?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एक माणूस म्हणाला, "अरे फैक्ट्री वालों का क्या है भैया, एक क्वार्टर में, एक गाँव में।" मग जास्त लोक हसले. हे सगळे मृत्यूचे दाखले घ्यायला आलेले लोक होते. मला अजून कळत नाही की त्यांना हसू कसं आलं. कदाचित बऱ्याच दिवसांत हसले नसतील, म्हणून.

माझे बाबा भाजी आणायला गेले तरी बाजारातून आईला फोन करायचे. मेथी आणू की पालक. मग पुन्हा करायचे, मेथी जून आहे, काय करू. आई म्हणायची, "बाप्पा, हा माणूस भाजीवाल्यापेक्षा माझ्याशीच जास्त बोलून राहिला." त्या माणसाच्या दोन बायका. मी वाकलेलीच होते.

"दोनों नाम का आधार ले आइए," बाबू म्हणाला.

"एक आदमी के दो आधार कैसे होंगे?"

"वही तो मैं पूछ रहा हूँ।" आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

घरी आईनं विचारलं, "काय म्हणाला?"

"कागद मागतोय."

"कोणता?"

"तुझी दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा."

आईनं उठून कपाटातून लग्नाचा अल्बम काढला. लग्नाची नोंदणी त्यांनी कधी केली नव्हती. त्या काळात आमच्याकडे फारसं कुणी करत नसे. पत्रिका छापली, माणसं जेवली, झालं लग्न. आईनं पत्रिका काढली, तिच्यात जुनं नाव होतं. आणि अल्बमात तो फोटो होता. सासरी आल्यावर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरलेले, आणि बाबा सोन्याच्या अंगठीनं त्यात आईचं नवं नाव लिहून राहिलेत. बाबा खाली वाकलेले आहेत, कपाळावर मुंडावळ्यांचा दोरा सरकलेला आहे. बाजूला आई आहे, मान इतकी खाली की चेहरा दिसत नाही.

हा फोटो मी लहानपणापासून पाहिला होता आणि मला तो आवडायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, "तुझं नाव बदललं काहून पण?"

"त्यांच्याकडे माझ्या नावाची एक जाऊ आधीच होती ना."

"मग?"

"मग काय? दोघींना एकदम हाक मारली तर कोण येईल?"

हे ती अगदी सहज म्हणाली. जसं दोन डब्यांना एकच झाकण बसतं म्हणून एकावर खूण करून ठेवावी. मी विचारलं, नवं नाव कुणी ठरवलं. म्हणाली, तुझ्या आत्यानं. तुला विचारलं होतं का? "विचारून काय करणार होते? मला तर ताटातलं वाचताही येत नव्हतं, माझ्या बाजूनं उलटं दिसून राहिलं होतं. मग आत्यानं कानात सांगितलं."

"आणि त्या तांदळाचं काय केलं?"

"दुसऱ्या दिवशी खिचडी."

त्या रात्री मला खूप राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढावा ते समजत नव्हतं. एका बाबूवर राग काढणं सोपं आहे. पण एका मुलीचं नाव एका दुपारीत काढून टाकलं आणि त्या वेळी कुणी शपथपत्र मागितलं नाही. कुणी म्हणालं नाही, दोन साक्षीदार आणा, साहेबांची सही आणा. अंगठी आणि ताट, एवढ्यात काम झालं. आता तेच नाव चुकून एका कागदावर उमटलं, तर ती कोण बाई, तिचा पुरावा काय, ती कुठे राहते. पुसायला काही लागत नाही. सगळं लागतं ते असल्याचं सांगायला.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी पूर्ण तयारीनं गेले होते. नोटरीकडून शपथपत्र केलं होतं, त्यात आईनं शपथेवर सांगितलं होतं की ही दोन्ही नावं आपलीच. सोबत पत्रिका होती. आणि फोटो होता, कारण नोटरी म्हणाला होता की नाव बदलल्याचा काही पुरावा जोडा, आणि नाव बदलल्याचा दुसरा पुरावा जगात नव्हता.

बाबूनं शपथपत्र वाचलंच नाही. फोटो उचलला.

"ये क्या है?"

मी सांगितलं. आमच्यात नव्या सुनेचं नाव असं तांदळात लिहितात. हे सांगताना माझा आवाज जाईल असं वाटत होतं, कारण ते घरातलं होतं आणि मी ते काचेच्या भोकातून आत टाकत होते.

त्यानं मागच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "इधर आ। महाराष्ट्रियन शादी देख। चावल में नाम लिखते हैं।" तो माणूस आला, दोघांनी फोटो पाहिला. आईची झुकलेली मान दोघांनी पाहिली.

"अच्छा है," दुसरा म्हणाला. "गलत हो गया तो मिटा दो।"

बाबू माझ्याकडे वळला. "तो चावल कहाँ है?"

"जी?"

"सबूत तो चावल है ना दीदी। फोटो में तो पढ़ने में नहीं आ रहा। वो चावल ले आइए।"

पुन्हा हशा. मी काचेवर हात ठेवला होता, तो काढून घेतला. मग बाबूचा सूर मवाळ झाला. त्यानं थोडं पुढे झुकून विचारलं, "घर में कोई भाई-वाई नहीं है? पापा की तरफ़ से कोई जेंट्स? उनको भेज देतीं।" तो हे मदत म्हणून विचारत होता, आणि त्यामुळे मला जास्त राग आला. चेष्टेला उत्तर नसलं तरी ती चेष्टा आहे हे तरी स्पष्ट असतं. या प्रश्नात त्यानं मला आणि आईला मिळून एक पुरुष कमी असलेलं घर ठरवलं होतं.

"कोई नहीं है," मी म्हणाले.

"तो माताजी को लाइए। साहब के सामने बयान होगा। समझिए आप, कल को वो दूसरी वाली आके खड़ी हो गई तो? नौकरी तो मेरी जाएगी।"

आईला न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. हशा तिच्या कानावर पडू नये म्हणून मी घरी अर्धंच सांगत आले होते. पण दुसरा मार्ग नव्हता. पेन्शन थांबलं होतं, बाबांच्या कारखान्याच्या दवाखान्याच्या कार्डावर मिळणारी तिची बीपीची औषधं थांबली होती. ती बाबांची बायको आहे हे कागदावर येईपर्यंत ती कुणाचीच कुणी नव्हती.

तेरवीनंतर आई बँक आणि नोटरी सोडून कुठेच गेली नव्हती. तिनं टिकली लावावी की नाही यावर शेजारच्या बायकांचं एक मत होतं. आईनं लहानशी काळी लावली. ऑटोत तिनं माझ्याकडून दुरुस्तीचा अर्ज मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला. रस्ता खराब होता, कागद हलत होता, तरी तिनं पुरा वाचला.

"हे नाव काढून टाकून राहिली का तू?"

"हो. पेन्शनच्या कागदावर दुसरं आहे ना. ते घातलं की झालं."

"दोन्ही ठेव."

"आई, काहून? आधीच किती घोळ होऊन राहिला. एक नाव सांगितलं की सुटतो आपण."

ती बाहेर पाहत होती. म्हणाली, "एकदा काढलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. माझी सही नव्हती त्यावर. आता माझ्याच सहीनं काढू?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. इतकी वर्षं जे नाव तिनं मागितलं नाही, ते आजच का, जेव्हा मला तिथे वाकून बोलायचं आहे? पण तिनं माझ्या पर्समधून पेन काढलं, ऑटो सिग्नलला थांबला तेव्हा अर्जावर जुन्या नावापुढे 'उर्फ' लिहिलं आणि नवं नाव घातलं. मी लिहिलेली 'के स्थान पर' ही अक्षरं तिनं एका रेघेनं खोडली. रेघ सरळ होती.

बाबू आईशी नीट बोलला. "आइए माताजी।" मग अर्ज वाचून म्हणाला, "उर्फ? माताजी, उर्फ तो डाकुओं का लगता है।"

आईची हिंदी माझ्यापेक्षा मोडकी आहे, पण ती वाकली नाही. भोकाच्या वरून, काचेतूनच बोलली, इतक्या जोरात की आत ऐकू जावं. "तो डाकू समझ के लिख दो भैया।"

"अरे एक नाम बोलिए, अभी काम ख़तम।"

"दोनों मेरे हैं।"

"ऐसा नहीं होता।"

"हुआ है ना. मैं खड़ी हूँ सामने."

तो उठून आतल्या खोलीत गेला आणि आम्हाला साहेबांकडे बोलावलं.

साहेबांनी वर पाहिलं नाही. टेबलापुढे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर फायली ठेवल्या होत्या. आम्ही उभ्या राहिलो. त्यांनी अर्ज वाचला, शपथपत्राची पानं उलटली, फोटो बाजूला सारला. मग कागदाकडे बघतच आईला विचारलं, "पति के साथ ही रहती थीं आप?"

आईला प्रश्न आधी कळला नाही.

"मतलब, आख़िर तक? साथ में?"

पुढे जे झालं ते मी ठरवून केलं नव्हतं. वाक्य जुळवायला वेळच मिळाला नाही. माझ्या तोंडून इंग्रजी बाहेर पडलं. शाळेतलं, वादविवाद स्पर्धेत बसवून पाठ करून घेतलेलं, कडक इस्त्रीचं इंग्रजी. मी म्हणाले की हा प्रश्न तुमच्या कुठल्याही अर्जावर छापलेला नाही. की शपथपत्र जोडलेलं आहे, ते आधी वाचा. आणि दोन्ही नावं घालता येत नसतील, तर कोणत्या नियमानं येत नाहीत ते या अर्जावर लिहा आणि खाली सही करा, मी तो कागद घेऊन जाते.

साहेबांनी वर पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदा. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या बुटांकडे पाहिलं, मग बाबूला म्हणाले, "अरे, फ़ाइल हटाओ यहाँ से।" आणि मला, "मैडम, आप बैठिए ना। बैठिए। कहाँ जॉब करती हैं आप?"

हे लिहितानाही माझे कान गरम होतात. मी जे बोलले तेच हिंदीत, तेच वाकून, कितीदा बोलायचा प्रयत्न केला होता. तेव्हा तो विनोद होता. तेच इंग्रजीत बोलले तर खुर्ची रिकामी झाली. आणि खुर्ची मला मिळाली. जिचा नवरा गेला, जिचं नाव त्या कागदावर होतं, जिचे गुडघे दुखतात, ती माझ्या बाजूला उभीच होती, आणि तिला बसा म्हणायचं त्या माणसाच्या मनातही आलं नाही. आईला मी काय बोलले ते समजलं नव्हतं. ती माझ्याकडे अशी बघत होती जसं मी साहेबांच्या बाजूची कुणी आहे.

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तू बस."

"नको," आई म्हणाली. "माझं बोलणं झालं नाही अजून."

ती साहेबांकडे वळली. "आपने पूछा ना, साथ में थी क्या. थी. सुबह उनको चम्मच से पानी मैंने पिलाया. नर्मदा का था, घर से ले गई थी. उसके बाद कुछ नहीं पिया उन्होंने." ती थांबली. "आपके काग़ज़ में उसका कॉलम हो तो भर लो. नहीं तो दो नाम लिख दो, हम जाते हैं."

साहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली आणि सही केली. दोन्ही नावं घ्यावीत अशी ती ओळ होती. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की ती ओळ आईच्या बोलण्यानं लिहिली गेली. पण मी समोर उभी राहून पाहत होते. पेनाचं टोपण त्यांनी माझं इंग्रजी संपल्यावर लगेच काढलं होतं. आई बोलत होती तेव्हा ते फक्त ती थांबायची वाट पाहत होते. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

नवा दाखला त्या दिवशी मिळाला नाही, अर्थातच. सर्व्हर बंद, मग सुट्टी, मग साहेब दौऱ्यावर. शेवटी फोन आला तेव्हा मी म्हणाले, मी एकटी जाऊन घेऊन येते. आई म्हणाली, "माझं नाव आहे, मी येते."

काचेच्या पलीकडे तोच बाबू होता. त्यानं छापलेला कागद आमच्या बाजूला धरून दाखवला. बाबांचं नाव, आणि त्या खालच्या रकान्यात आईचं जुनं नाव, उर्फ, नवं नाव. काच मळकी होती, पण वाचता येत होतं. मग त्यानं बँकेसाठी आणि कारखान्यासाठी प्रती काढल्या, प्रत्येकीवर 'सत्य प्रतिलिपि'चा शिक्का मारला, त्यावर सही केली. शिक्का मारायचं काम तो फार मन लावून करत होता, पॅडवर दाबून, जरा फिरवून.

सगळं एकत्र करून त्यानं ते आपल्या बाजूलाच ठेवलं आणि हात वर ठेवला. हसला. आता आम्ही ओळखीच्या झालो होतो ना.

"लीजिए माताजी, हो गया आपका काम। डाकू वाला भी कर दिया। अब मिठाई तो बनती है।"

मी ऐकलं आणि मला खरंच विश्वास बसला नाही. तो पैसेच मागत होता का, की ही त्याची फक्त बोलायची सवय होती, गाडीच्या लायसन्सला, मुलाच्या जन्माला आणि नवऱ्याच्या मरणाला एकच? मला इंग्रजी सुचलं नाही, हिंदीही सुचली नाही. नुसता संताप आला.

आई म्हणाली, "मिठाई तेरहवीं में बनी थी भैया. तब आते."

रांगेत कुणीतरी हसलं. बाबूही हसला, थोडा उशिरा. आई हसली नाही. तिनं काचेखालच्या फटीतून हात आत घातला, तळवा वर करून टेबलावर ठेवला, आणि कागद हातात येईपर्यंत तो तिथून काढला नाही.